आबांच्या डब्यातले बल्ब

"काय जमवतेस?" असं कुणी विचारलं आणि मी "छोटे बल्ब" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: "एलईडी?" नाही हो. काचेचे, आत तार असलेले, बोटाच्या पेरापेक्षा लहान.

सुरुवात आबांच्या बिस्किटाच्या डब्यातून झाली. आबा, म्हणजे माझे आजोबा, इंदूरच्या एका कापड मिलमध्ये वायरमन होते. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या निघत (मिल बंद पडल्या, झांक्या अजून निघतात), त्यांच्या रोषणाईत आबांचा हात असे. सहा व्होल्टचे चाळीसेक बल्ब एकापुढे एक जोडले की माळ थेट २३० व्होल्टवर चाले. एक उडाला की सगळी माळ काळोखात, आणि मग आबा रात्रभर तो एक शोधत बसायचे.

डब्यात टॉर्चचे, सायकलच्या डायनॅमोचे, रेडिओच्या काट्यामागचे बल्ब होते. आणि तीन अगदी गव्हाच्या दाण्याएवढे. टोपी नाही, आटे नाहीत, काचेतून केसासारख्या दोन तारा बाहेर. झांकीतल्या खोपटांच्या खिडक्यांत ते लावायचे.

टॉर्चच्या बल्बच्या पितळी टोपीवर व्होल्ट आणि अँपिअर कोरलेले असतात. गव्हाच्या दाण्यावर कोरणार कुठे? अकरावीत असताना त्यातला एक मी सरळ ९ व्होल्टच्या बॅटरीला लावला. पांढरा झगझगाट, आणि संपलं. आबा समोरच होते. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "आधी एक सेल लावून बघायचा असतो, बाळ," एवढंच म्हणाले.

आता कबाड्याकडून काहीही आणलं तरी सुरुवात दीड व्होल्टपासून. तार पिवळी झाली की थांबायचं. त्याआधी काच बघायची: आतून काळवंडली असेल तर तारेचं टंगस्टन उडून काचेवर बसलंय, बल्ब म्हातारा आहे. पांढरी भुकटी दिसली तर आत हवा शिरली, तो गेलाच. माझा लाडका मात्र जुन्या पेन-टॉर्चमधला, त्याच्या टोकाला काचेचंच भिंग आहे. आणि घरातल्या टेस्टरमधला नारिंगी निऑन. त्यात तारच नसते, वायू उजळतो. तुमच्याही घरी असेल, बघा.

दाण्यांपैकी दुसऱ्याची तार मुळापासून तुटली. तिसरा मी दोन वर्षं कापसात ठेवला, पेटवायचा धीर होईना. गेल्या अनंत चतुर्दशीला आबांच्या गुडघ्यांमुळे आम्ही झांक्या बघायला गेलो नाही. जेवण झाल्यावर ते म्हणाले, "तो दाणा आण गं."

दिवा मालवला. एका सेलवर तार जेमतेम लाल झाली. दुसरा जोडला, पिवळी. आबांनी तो डोळ्यांजवळ नेला, आता त्यांना कमी दिसतं. बराच वेळ बघत राहिले.

"पुरे," म्हणाले. "तिसरा लावू नकोस."