पाहुण्याचे स्नान

जपानी माणूस घरात शिरण्यापूर्वी पादत्राणे दाराशीच उतरवितो, हे पाहून शिक्षणासाठी टोकियोस गेलेल्या एका मराठी तरुणाला मोठा धीर आला. आपलीच रीत इथेही आहे, मग चुकण्याचे भय कसले?

एका कुटुंबात तो पाहुणा म्हणून उतरला होता. रात्री यजमानीणबाईंनी त्याला सर्वांच्या आधी स्नानास पाठविले. पाहुण्याला पहिला मान! बुटक्या चौरंगावर बसून त्याने साबणाने अंग स्वच्छ धुतले आणि मग तो टाकीत उतरला. गळ्यापर्यंत पाणी, तेही चाळीस अंशांहून थोडे अधिक ऊन! दिवसभराचा शीण कुठच्या कुठे गेला. बाहेर आल्यावर त्याने विचार केला, वापरलेले पाणी दुसऱ्यासाठी कसे ठेवावे? त्याने बूच काढले.

दार उघडले, तो समोर टॉवेल घेऊन आजोबा उभे! त्यांनी रिकामी टाकी पाहिली, किंचित हसून मान लवविली आणि ते परत गेले. कोणी एक शब्दही बोलले नाही. पाणी पुन्हा तापेपर्यंत मुले मात्र तशीच झोपी गेली. रागावले असते तर बरे, असे त्याला वाटले.

एकाच पाण्यात सारे घर शेकते, म्हणून तर आधी बाहेर अंग धुवायचे, हे त्याला दुसऱ्या दिवशी विचारल्यावर कळले. त्या रात्री स्नान आटोपताच, ऊब जाऊ नये म्हणून त्याने टाकीवर झाकण नीट सरकविले आणि तो स्वतःच आजोबांना बोलवावयास गेला.