औंढ्याच्या डोंगरावरील वणवा

हिंगोली जिल्ह्यांतील औंढा नागनाथ हें महाराष्ट्रांत बारा ज्योतिर्लिंगांपैकीं एक मानिलें जाणारें क्षेत्र आमच्या वाचकांच्या परिचयाचें असेलच. देवालयाच्या शिल्पाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. म्हणून आम्ही येथें देवळाबाहेरील एका रात्रीची हकीकत सांगणार आहों.

गेल्या चैत्रांत आम्ही सहकुटुंब दर्शनास गेलों होतों. सागाची पानगळ पुरी झाली होती व डोंगरावर पाचोळ्याचा थर सांचला होता. सायंकाळीं धर्मशाळेच्या ओट्यावर बसलों असतां समोरच्या उतारावर एक तांबडी रेघ दिसूं लागली. प्रथम ती आम्हांस शोभेचीच वाटली, परंतु जवळ उभा असलेला गुराखी "वणवा लागला!" असें ओरडत धांवत सुटला, तेव्हां आम्ही भानावर आलों. वनरक्षक आणि गांवांतील दहाबारा माणसें हिरव्या फांद्या घेऊन वर चढलीं. पाचोळा दूर सारून त्यांनीं आगीपुढें मोकळी पट्टी काढली, आणि रात्रीं दहाच्या सुमारास ती रेघ दिसेनाशी झाली.

खालीं आलेल्या वनरक्षकास पाणी देतांना आमच्या काकूंनीं विचारलें, "हल्लीं आकाशांतून वणवा दिसतो म्हणतात, मग तुम्हांला आधीं कां नाहीं कळलें?"

"मावशी, तो उपग्रह दुपारींच येऊन गेला. आतां मध्यरात्रीनंतर येईल," तो म्हणाला.

ह्या उत्तरांतील मर्म थोडें उलगडून सांगितलें पाहिजे. चुलीवरचा तवा लाल नसला तरी हात जवळ नेतांच त्याची धग कळते. उपग्रहावरील यंत्र अशीच न दिसणारी धग टिपतें. आगींतून सुमारें ४ मायक्रोमीटर लांबीच्या उष्णतालहरी विशेष जोरानें निघतात, तर नुसत्या तापलेल्या जमिनीच्या लहरींचा जोर ११ मायक्रोमीटरांच्या आसपास असतो. ह्या दोहोंची तुलना करून आग ओळखितात. डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून अशा सूचना वनखात्यांस देत आहे. आरंभींच्या यंत्राचा एक ठिपका १ किलोमीटरचा असे. पुढें वापरांत आलेल्या यंत्राचा ३७५ मीटरांचा, म्हणजे सुमारें ३५ एकरांचा आहे. ठिपका वनाच्या हद्दींत पडला, कीं त्याचे अक्षांश-रेखांश नोंदणी केलेल्या माणसाच्या मोबाईलवर येतात.

परंतु हे उपग्रह सुमारें ८२५ किलोमीटरांवरून फिरतात, आणि एका गांवावर मुख्यतः दुपारीं व रात्रीं दीडच्या सुमारास येतात. ३६,००० किलोमीटरांवरील इन्सॅट उपग्रह भारताकडे अखंड पाहतात खरे. तथापि त्यांचा ठिपका ४ किलोमीटरांचा असल्यामुळें लहान आग त्यांतून निसटते. सायंकाळची आग गुराख्यानें आधीं पाहिली, ह्यांत म्हणूनच नवल नाहीं.

तथापि त्या रात्रीचें काम संपलें नव्हतें. पहांटे वनरक्षकाच्या मोबाईलवर सूचना आली. विझलेल्या आगीचा निखारा डोंगराच्या पलीकडच्या अंगास जाऊन तेथें गवत पेटलें होतें. गांवांतून तें दिसणें शक्य नव्हतें. उपग्रहास मात्र रात्रीच्या थंड जमिनीवर ती धग स्पष्ट दिसली. तो गृहस्थ दोन तास झोपला असेल. पुन्हां चौघांस उठवून वर गेला.

सकाळीं आम्हीही त्या उतारावर गेलों. मोठे साग उभेच होते; परंतु त्यांच्या पायथ्याचीं कोंवळीं रोपें काळीं पडलीं होतीं. वीस वर्षांनीं जें रान व्हावयाचें, तें हेंच. पलीकडची आग दुपारपर्यंत विझली, म्हणून तिकडचीं रोपें पुष्कळ वांचलीं.

परततांना काकूंचें लक्ष वनरक्षकाच्या पायांकडे गेलें. त्याच्या चपलेचा तळवा आगीनें वितळला होता. इतक्या उंचीवरून निखारा शोधणाऱ्या यंत्रावर राष्ट्र खर्च करितें, तें योग्यच आहे. पण त्याचा निरोप ज्याच्या हातीं पडतो, त्याच्या पायांत भक्कम बूट असावेत, एवढें तरी आपण सर्वांनीं मागावयास नको काय?