कोरडी माती

नववी-दहावीच्या मुलांना ‘या वर्षी थ्रिलर करू’ म्हटलं की फळ्यावर सगळ्यात आधी येतो तो सुरा. मग रक्त, मग पांढऱ्या साडीतली बाई, मग पडका वाडा. आमच्या यावलमध्ये वाडा शोधायलाही लांब जावं लागत नाही, निंबाळकरांचा किल्ला गावातच आहे. मुलं जे जे सांगतात ते मी फळ्यावर लिहू देतो, काही पुसत नाही. पडद्यावर पाहिलेलं सगळं आधी बाहेर पडून जावं लागतं. मग मी एकच प्रश्न विचारतो : तुमच्या घरातली मोठी माणसं रात्री कशाच्या धास्तीनं जागी होतात?

त्या वर्षी हा प्रश्न विचारल्यावर वर्ग बराच वेळ गप्प होता. मग मागच्या बाकावरून उत्तर आलं, “सर, आपली बाग कोणी कापून टाकीन, त्याची.”

यावल-रावेरच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही, बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. केळीची बाग वर्षभर पोसावी लागते. रोपं, ठिबक, खतं, सगळा पैसा आधी जमिनीत जातो आणि शेवटच्या काही आठवड्यांत घडाच्या रूपानं परत यायचा असतो. नेमक्या त्या दिवसांत एखाद्या रात्री कोणीतरी बागेत शिरतं आणि उभी खोडं, लटकते घड कापून टाकतं. चोरून काहीच नेत नाही. सकाळी शेतकरी जातो तेव्हा बाग आडवी झालेली असते. पोलिसांत तक्रार होते आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं : अज्ञाताविरुद्ध गुन्हा दाखल. अशा बातम्या आमच्या भागात वर्षानुवर्षं येत आहेत. हा अज्ञात बहुतेक वेळा अज्ञातच राहतो, पण गावात प्रत्येकाच्या मनात एक नाव असतं आणि ते कोणी उच्चारत नाही. रहस्यपटाला याहून जास्त काय लागतं? त्या दिवशी फळ्यावरचा सुरा मुलांनी स्वतःच पुसला आणि त्या जागी विळा लिहिला.

मी चित्रकलेचा शिक्षक. शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी मुलांकडून दहा-बारा मिनिटांचा चित्रपट करून घेणं हे माझं आवडतं काम आहे, आणि त्यातही रहस्यपट मला सगळ्यात जास्त शिकवण्याजोगा वाटतो. विनोदी नाटुकलं मुलं अंगच्या हुशारीवर तारून नेतात. रहस्यपट असा तरत नाही, तो कागदावर बसवावा लागतो. त्यासाठी मी मुलांना तीन रकान्यांचा तक्ता करायला लावतो. गुन्हेगाराला काय माहीत आहे, शोध घेणाऱ्याला काय माहीत आहे आणि बघणाऱ्याला काय माहीत आहे. प्रत्येक प्रसंगासमोर तिन्ही रकाने भरायचे. ते भरल्याशिवाय फोन दप्तरातून बाहेर काढायचा नाही.

पहिल्या तक्त्यात तिसरा रकाना जवळजवळ कोराच असतो. प्रेक्षकाला शेवटपर्यंत काहीच कळू द्यायचं नाही आणि शेवटी एकदम सांगून टाकायचं, यालाच मुलं रहस्य समजतात. तेव्हा मी त्यांना राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ दाखवतो. 1964 सालचा हा चित्रपट जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर बेतलेला आहे. पुढे 1966 मध्ये त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ आला. वकिलाची बायको वारली आहे, आणि हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी, मीच तुमची बायको म्हणणारी स्त्री आरोपी म्हणून समोर उभी आहे. त्या वकिलाला जेवढं ठाऊक तेवढंच आपल्याला. त्याचा तोल ढळतो तिथे आपलाही ढळतो. चित्रपट मध्येच थांबवून मी मुलांना दुसरा आणि तिसरा रकाना भरायला सांगतो, आणि दोन्हीत एकच मजकूर येतोय हे त्यांचं त्यांनाच दिसतं. प्रेक्षकापासून लपवून ठेवणं आणि प्रेक्षकाला बरोबर घेऊन चालणं यातला फरक त्यांना इथे कळतो. मी सांगून तो कळला नसता.

आमच्या गोष्टीच्या पहिल्या मसुद्यात बाग कापणारा सालदार होता, सातपुड्यातल्या पाड्यावरून कामाला आलेला. कोणी वाईट हेतूनं लिहिलं नव्हतं, मुलांनी मोठ्यांच्या गप्पांत ऐकलेलंच कागदावर आलं होतं. मी विचारलं, “बघणाऱ्याला याचा संशय कितव्या मिनिटाला येईल?” सगळे म्हणाले, “पहिल्याच.” मग तो गुन्हेगार म्हणून काय कामाचा? हे झालं कारागिरीचं कारण. दुसरं कारणही मी तिथेच मोकळेपणानं सांगितलं. आपल्या वर्गात पाड्यावरची मुलं बसतात, त्यांचे वडील याच बागांत राबतात, आणि अंधारात जो हात दिसत नाही तो गरिबाचाच असणार हे गृहीत धरणं अन्याय आहे. मुलांनी सालदाराला गोष्टीतून काढलं नाही. त्यांनी फार चांगलं केलं : त्याला संशयाच्या मधोमध ठेवलं आणि प्रेक्षकालाच चुकू दिलं. सालदाराची भूमिका करणारा मुलगा स्वतः पावरा आदिवासी आहे. तक्त्यातला तिसरा रकाना भरताना तो म्हणाला, “सर, लोक माझ्याकडेच बघतील. बघू द्या.” आमच्या चित्रपटाचा कणा त्या दिवशी ठरला.

आता पुरावा हवा होता. एकानं सुचवलं, सदऱ्यावरचा केळीचा डाग. केळीचा चीक कपड्याला लागला की काळपट डाग पडतो आणि कितीही धुतला तरी जात नाही. कल्पना चांगली होती, पण एका मुलीनं उभं राहून स्वतःची ओढणी दाखवली. डाग तिच्यावरही होता. आमच्या तालुक्यात ज्याच्या कपड्यावर केळीचा डाग नाही तो माणूसच शोधावा लागेल. डाग बाद झाला.

पुरावा सापडला तो त्याच मुलीला. शेतीपंपांची वीज तेव्हा आठवड्यातले काही दिवस रात्रीच मिळायची. ऑटो स्विच लावून ठेवलेला असतो. वीज आली की मोटार आपोआप चालू होते आणि ठिबकचं पाणी रात्रभर बागेत झिरपत राहतं. ती म्हणाली, “सर, रातीले बागेत चिखल असतो. पाय रुततात, पायाचे ठसे राहतात. मी कापायला गेली असती तर आधी त्या भागाचा व्हॉल्व्ह बंद केला असता.” वर्गात एकदम शांतता पसरली. व्हॉल्व्ह बंद केला तर सकाळी सगळी बाग ओली आणि तेवढाच भाग कोरडा दिसणार. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या भागाचा हे परक्याला ठाऊक नसतं. म्हणजे कापणारा घरचा.

पण सालदारालाही व्हॉल्व्ह ठाऊक असतो! त्याच्यावरचा संशय उलट दाट झाला. त्यावर तोड त्या पावरा मुलानं काढली : सालदार असता तर जाताना त्यानं व्हॉल्व्ह परत उघडला असता, कारण पहाटे पाणी बघायला त्यालाच यावं लागतं आणि कोरडी जमीन दिसली तर पहिला जाब त्यालाच विचारला जातो. व्हॉल्व्ह ठाऊक आहे, पण रोजचं काम सुटलंय, असा माणूस कोण? वाटणी झाल्यावर शहरात राहायला गेलेला काका. सगळी मुलं हळू आवाजात बोलू लागली होती. भाऊबंदकी आमच्याकडे घरोघर आहे, आणि आपण कुठल्या दारावर हात ठेवलाय हे त्यांना नीट कळत होतं.

अशी गोष्ट शिक्षकाला सुचत नाही. मुलांनी चिखलात पाय घातलेले असतात, म्हणून त्यांना सुचते.

चित्रीकरणाचं वेळापत्रक शाळेच्या हातात नव्हतं, पिकाच्या होतं. उभी बाग कापायची म्हणजे कोणाच्या तरी वर्षाची कमाई कापायची, आणि ते आम्ही करणार नव्हतो. घड उतरवल्यावर खोडं तशीही काढावीच लागतात. एका पालकांची बाग त्या टप्प्याला येईपर्यंत आम्ही थांबलो, आणि तोवर शाळेच्या मैदानावर वीट ठेवून तालीम केली. खोड एकदा कापलं की परत जोडता येत नाही. त्यामुळे कॅमेरा धरणारा कुठे उभा राहील, विळा कुठून येईल, फोन कोणत्या उंचीवर असेल, हे सगळं आधी आखावं लागलं. खरा विळा एका मोठ्या माणसाच्याच हातात होता, पडद्यावर फक्त त्याचं मनगट दिसतं. मुलांच्या हातात पुठ्ठ्याचा.

रात्रीचं चित्रीकरण मी मुलांबरोबर करत नाही. बागेत साप असतात, सातपुड्याच्या पायथ्याला बिबट्याही येतो. आणि त्याची गरजही पडत नाही. पाच-पाच फुटांवर लावलेल्या जुन्या बागेत पानांचं छप्पर इतकं दाट असतं, की भर दुपारी आत संध्याकाळ असते आणि चार ओळींपलीकडचा माणूस दिसत नाही. फोनवर उजेड कमी केला, रंगात थोडी निळी झाक आणली की रात्र होते. आकाश मात्र चौकटीत येऊ द्यायचं नाही, पांढरा तुकडा दिसला की सगळं उघडं पडतं. आमच्या कॅमेरावाल्या मुलीनं हे पहिल्याच दिवशी ओळखलं आणि फोन गुडघ्याच्या उंचीवर आणला. तिथून वाळलेली पानं, ठिबकच्या नळ्या आणि पाय एवढंच दिसतं. कापणाऱ्याचा चेहरा लपवण्यासाठी वेगळं काही करावं लागलं नाही.

कोरड्या मातीचं दृश्य दुसऱ्याच मिनिटाला आहे. नायिका, म्हणजे त्या काकाची पुतणी, धावत येते, तिची चप्पल ओल्या जमिनीत रुतते, ती चप्पल तिथेच सोडून पुढे जाते आणि आडव्या पडलेल्या खोडांमध्ये अनवाणी उभी राहते. तिच्या पायांना चिखल आहे आणि पायांखालची माती भुरी आहे. एवढंच. संगीत नाही, कॅमेरा तिथे रेंगाळत नाही. आवाज वर्गाच्या खिडक्या लावून नंतर भरला. खोड कापल्याचा आवाज पुठ्ठ्यानं, उसानं, कशानंही जमेना, शेवटी खोडाचा तुकडाच वर्गात आणला. तो ओला, दमदार आवाज दुसऱ्या कशातून येत नाही.

साधनांची उणीव मुलं फार बोलून दाखवतात. तेव्हा मी मालेगावचं सांगतो. नासिर शेख यांनी यंत्रमागांच्या त्या गावात 2000 साली ‘मालेगाव के शोले’ केला. पुढे तिथे सुपरमॅनही उडाला, त्या खटाटोपावर फैजा अहमद खान यांनी 2008 मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि 2025 मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ देशभर लागला. धावतं दृश्य सायकलवरून आणि उंचावरचं दृश्य बैलगाडीवरून घेणारी ही माणसं आमच्या शेजारची आहेत. त्याच्याही मागे जायचं तर दादासाहेब फाळके आहेत. ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी, 1912 मध्ये, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा ठेवून रोज थोडं थोडं चित्रण केलं आणि रोप वाढताना दाखवलं. ते पाहूनच पुढच्या चित्रपटासाठी पैसा उभा राहिला. आमच्या यावल तालुक्यातलंच उदाहरण हवं असेल तर 1936 चं फैजपूर काँग्रेस अधिवेशन आहे. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. तिथलं टिळकनगर नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या इथल्याच साध्या साहित्यातून सजवलं होतं. जवळ जे आहे त्यातून उभं करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, मुलांना तिची फक्त आठवण करून द्यावी लागते.

स्नेहसंमेलनात चित्रपट दाखवला तेव्हा मी पडद्याकडे पाहत नव्हतो, प्रेक्षकांकडे पाहत होतो. दुसऱ्या मिनिटाला भुरी माती आली आणि पुढे बसलेल्या पाहुण्यांपैकी कोणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मागच्या बाजूला सतरंजीवर बसलेल्या शेतकऱ्यांत मात्र कुजबुज झाली. “अठी पाणी नाही पोचलं,” एक आबा शेजाऱ्याला म्हणाले. दहाव्या मिनिटाला नायिकेला जे कळणार होतं ते त्यांना तेव्हाच कळलं होतं. माझ्या शेजारी उभी असलेली लेखिका, म्हणजे ती ओढणीवाली मुलगी, घाबरली. तिला वाटलं, रहस्य फुटलं. तसं झालं नाही. पाणी कोणी बंद केलं हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते घरचंच कोणी असणार हे मात्र ठाऊक झालं होतं. त्यामुळे काका सांत्वनाला येतो, पुतणीच्या डोक्यावरून हात फिरवतो, त्या साध्या दृश्यात सतरंजीवरची माणसं पुढे सरकून बसली. खुर्च्यांवरच्यांना ते दृश्य नुसतं हळवं वाटलं. एकाच दृश्याचे दोन प्रेक्षक! तिसरा रकाना एकच नसतो, हे त्या दिवसापासून मी तक्त्यात लिहून घेतो.

शेवटाला काका पकडला जात नाही. पुतणी व्हॉल्व्ह उघडते आणि त्याच्याकडे बघते, तोही बघतो. पोलीस दाखवावेत का यावर मुलांचा कडाक्याचा वाद झाला होता, आणि बहुमत पोलीस दाखवण्याच्या बाजूनं नव्हतं. माझं मत मी तेव्हाही सांगितलं होतं : कोण हे कळलंच पाहिजे, नाहीतर बघणाऱ्याची फसवणूक होते, पुढे काय हे मात्र ज्याचं त्यानं ठरवावं. सालदार झालेल्या मुलाच्या वडिलांनी नंतर येऊन माझा हात हातात घेतला. बोलले काही नाहीत.

ज्या शिक्षकांना आपल्या शाळेत असं काही करायचं आहे त्यांना माझी विनंती आहे. मुलांना कथा देऊ नका, प्रश्न द्या. तीन रकाने आधी भरून घ्या, फोन मागून. शेताच्या मालकाची आणि पालकांची परवानगी लेखी घ्या, अंधार पडायच्या आत मुलांना घरी पोचवा. आणि पहिला खेळ लावताना गावातल्या शेतकऱ्यांना नक्की बोलवा, त्यांना पुढच्या रांगेत बसवा.