आघाडी आणि माजघर

दिवाळीत मुलगा पुण्याहून आला, की त्याच्या लॅपटॉपवर लढाया सुरू. या वेळी मीही शेजारी बसले. खेळ जुना, 'अमेरिकन सिव्हिल वॉर' नावाचा. काळ १८६१ ते १८६५. मला तोफांतलं काही कळत नाही, पण इथली खरी लढाई कोठाराचीच निघाली! शहरांत शिधा आणि दारूगोळा तयार होतो, तो रेल्वेने, नदीतून, कोठाराकोठारांतून सरकत फौजेपर्यंत पोचतो. कुठल्या राज्यात कारखाने वाढवायचे तेही आपणच ठरवायचं. एक खेळी पंधरा दिवसांची. म्हटलं, पंधरवड्याच्या वाणसामानाचा मेळ तर मी तीस वर्षं घालतेय!

मी दक्षिणेची बाजू घेतली. राजधानी रिचमंड, लढाईची धामधूम व्हर्जिनियात, म्हणून सगळा पैसा तिथेच ओतला. मग मिसिसिपीकाठची फौज उपाशी पडली आणि न लढताच झिजू लागली. व्हिक्सबर्ग हातचं गेलं.

"आई, जिथे आरडाओरडा तिथेच तू वाढतेस. गप्प बसलेल्यांच्या ताटाकडे बघतच नाहीस," मुलगा हसला.

मग त्याने खरा इतिहास सांगितला. २ एप्रिल १८६३ ला त्याच रिचमंडमध्ये बायका भाकरीसाठी रस्त्यावर आल्या, दुकानं फोडली. धान्यावर पहिला हक्क फौजेचा, रेल्वे मोडकळीला आलेली, भाव आभाळाला भिडलेले. अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस स्वतः आले आणि म्हणाले, पांगा, नाहीतर गोळ्या झाडू. कितीजणींची माणसं त्याच फौजेत असतील!

भाऊबीजेला आलेली लेक समोर कपड्यांच्या घड्या घालत होती. मला एकदम ती चार वर्षं आठवली. मुलगा पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. खोलीभाडं, क्लासची फी, तूप, लाडू, बेळगावहून कुणी निघालं की त्याच्याबरोबर कुंद्याचा डबा. त्याच वर्षी लेक म्हणाली होती, "एम.एस्सी. राहू दे, मी शिकवण्या घेते." मी चारचौघींत कौतुक केलं, किती समजूतदार पोर! तिने दगड उचलला नाही, म्हणून तिची भूक मला दिसलीच नाही.

रात्री मी विचारलं, "तुला तेव्हा शिकायचं होतं ना गं?"

ती घड्या घालतच राहिली. "तेव्हा विचारलं नव्हतंस," एवढंच बोलली.

मैत्रिणींनो, यावर काय उत्तर द्यावं? मी दिलं नाही. सकाळी मुलालाच बसवून बाहेरून एम.एस्सी. करायच्या प्रवेशाची माहिती काढायला लावली. तिला म्हटलं, "फी माझ्या साठवणीतून. परीक्षेच्या दिवसांत बाळ माझ्याकडे." ती फॉर्म भरेल की नाही, ही तिची मर्जी. कोठाराचं दार मात्र या खेपेला तिच्या बाजूने उघडलंय.