बॅटरी बदलली की मोबाईल पळतो का?

ई-पीक पाहणीच्या दिवसात बऱ्याच जणांचा जुना मोबाईल नेमका बांधावर मान टाकतो. मग जो तो सांगतो, "बॅटरी बदल, नव्यासारखा पळंल." हे अर्धंच खरं आहे.

व्होल्टेज कमी आलं की मोटार नुसती गुरगुरते, पाणी उचलत नाही. थकलेल्या बॅटरीचं तसंच. कॅमेरा अन् जीपीएस सोबत चालू झालं की तिचं व्होल्टेज पडतं आणि वीस-तीस टक्के दिसत असतानाच फोन बंद. असं होऊ नये म्हणून ॲपलनं काही जुन्या आयफोनचा वेगच कमी केला होता. २०१७ साली कंपनीनं ते मान्य केलं. तिथं नवी बॅटरी टाकली की वेग परत येतो.

आपल्या साध्या फोनचं दुखणं बहुतेक वेळा वेगळं असतं. माझ्या फोनची बॅटरी बदलली. आता बांधावर बंद पडत नाही, पण ॲप उघडायला वेळ तेवढाच लागायचा. व्हॉट्सॲपचे व्हिडिओ पुसून जागा मोकळी केली, तेव्हा कुठं फरक पडला.

म्हणून आधी बघा. फोन बंद पडतो का नुसता अडकतो? बंद पडत असेल तर बॅटरी, अडकत असेल तर साफसफाई. बॅटरी फुगली असेल तर मात्र वाट बघू नका. अन् हे पाहणीच्या शेवटच्या तारखेआधी करा. सातबाऱ्यावर पीक लागलं नाही तर नुकसानभरपाईच्या वेळी मोबाईलचं कारण कोणी ऐकत नाही.