आधी जागा, मग बिऱ्हाड

हाडातली मोठी पोकळी भरायची तर खरी करामत मूलपेशींची. त्या ज्यात घालायच्या तो सांगाडा म्हणजे निव्वळ भराव, असं मी बरीच वर्षं मानायचो. ज्युनिअर डॉक्टरांनाही तेच ठासून सांगायचो. आता सांगत नाही.

याला कारण मेंढ्या. संशोधक एर्वे पेटिट आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या मागच्या पायाच्या हाडातला २५ मिलिमीटरचा तुकडा काढून तिथे प्रवाळ बसवलं. नुसत्या प्रवाळाने एकही हाड जुळलं नाही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूलपेशी त्यात घातल्या, तेव्हा सातांपैकी तीन पाय जुळले. हे २००० साली छापून आलं. तेव्हा मला ते तीनच दिसले. पुढे त्याच आकड्याने पिच्छा पुरवला. पेशी तर सातही पायांत होत्या, मग उरलेल्या चारांचं काय?

पेशीला जगायचं तर रक्तवाहिनी साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत हवी. एवढ्या जाड तुकड्याच्या पोटात सुरुवातीला रक्त पोचतच नाही, आणि तिथल्या पुष्कळशा पेशी उपाशी मरतात. रक्तवाहिन्यांना आत शिरायला एकमेकांत उघडणारी छिद्रं लागतात. पोराइटिस नावाच्या प्रवाळात ती आयतीच असतात. बोन बँकेतून आलेला, मगज आणि चरबी धुऊन काढलेला हाडाचा तुकडाही तसाच : पांढरा, हलका, जाळीदार. रक्ताच्या थेंबाला नुसतं टेकवलं तरी लाली सरसर वर चढते.

त्याहून अवघड म्हणजे सांगाडा विरण्याचा वेग. प्रवाळ हे कॅल्शियम कार्बोनेट. ते लवकर विरतं. संशोधक डेला रॉय यांनी १९७४ मध्ये छिद्रांची रचना शाबूत ठेवून त्याचं हायड्रॉक्सिअपटाइट हे खनिज केलं, तर ते वर्षानुवर्षं तसंच बसून राहतं. नवं हाड भरत जाईल तसतसा विरणारा सांगाडा कुणी द्यावा!

पेशींवरून माझं मन उडालेलं नाही. पण ‘स्टेम सेलचं इंजेक्शन देऊन टाका ना, डॉक्टर’ म्हणत नातेवाईक आले, की मी आधी एक्स-रेवर फट दाखवतो. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे रक्ताचे वगैरे ठरावीक आजार सोडले तर बाकीचे मूलपेशी-उपचार अजून चाचणीतच मोडतात, हेही सांगतो. मग बहुतेकदा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाचा तुकडा काढतो. पेशी आणि सांगाडा दोन्ही त्यात आलं. ती जागा पुढे बरेच दिवस ठणकते, आणि फॉलोअपला आलेला रुग्ण पायाचं राहू द्या, कमरेचंच गाऱ्हाणं सांगत बसतो.