नाही म्हणणाऱ्याचे नाव

उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात इतिवृत्तलेखन हा एक घटक असतो. साहित्याचा प्राध्यापक तो बहुधा नाखुशीनेच शिकवतो. पाठ्यपुस्तकातले नमुने ठरलेले असतात. कुठल्याशा गृहनिर्माण संस्थेची वार्षिक सभा भरते, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले जाते, सूचक आणि अनुमोदक यांची नावे येतात, ठराव सर्वानुमते मंजूर होतो आणि आभारप्रदर्शनानंतर सभा संपते. या नमुन्यांत कोणी कोणाला अडवत नाही, कोणाचा आवाज चढत नाही. सगळे इतके एकमताने चालते की, माणसांना एकत्र येऊन बसण्याची गरज तरी काय होती, असा प्रश्न पडावा.

या गुळगुळीतपणाला उतारा म्हणून काही वर्षांपूर्वी मी विद्यार्थ्यांसमोर राज्यसभेच्या कामकाजाची पाने ठेवू लागलो. १९५२पासूनच्या चर्चा आता संगणकावर वाचायला मिळतात. इतिवृत्त आणि शब्दशः वृत्त यांतला फरक या पानांवरून चटकन लक्षात येतो. इतिवृत्तात निर्णय उरतो. शब्दशः वृत्तात निर्णयापर्यंतची वाट उरते, तिच्यातल्या खाचखळग्यांसकट. सभागृहाच्या मध्यभागी बसलेले प्रतिवेदक पाळीपाळीने प्रत्येक शब्द टिपतात. बोलण्यात कोणी आडवे आले की कंसात ‘व्यवधान’ असा शब्द पडतो. सभापतींनी काढून टाकलेल्या शब्दांच्या जागी फुल्या येतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला गाळलेल्या जागा वाचायची सवय असतेच, त्यामुळे या फुल्यांवर वर्गात हटकून चर्चा होते.

वृत्तपत्रांत राज्यसभा दिसते ती गदारोळाच्या दिवशी. रोजची राज्यसभा बरीच कंटाळवाणी असते, आणि हा कंटाळा मला महत्त्वाचा वाटतो. अकरा वाजता कामकाज सुरू होते. शोकप्रस्ताव असल्यास सदस्य उभे राहून मौन पाळतात. मंत्री आपापले कागद पटलावर ठेवतात. शून्य प्रहरात एखादा सदस्य आपल्या जिल्ह्यातल्या रेल्वेथांब्याविषयी किंवा विडी कामगारांच्या निवृत्तिवेतनाविषयी बोलतो. वाट्याला आलेली तीन मिनिटे संपली की ध्वनिक्षेपक बंद पडतो, वाक्य पुरे झालेले असो वा नसो. प्रश्नोत्तराचा तास पूर्वी सकाळी अकरालाच असे; २०१४च्या हिवाळी अधिवेशनापासून तो दुपारी बारावर गेला. तारांकित प्रश्नाचे उत्तर मंत्र्याला तोंडी द्यावे लागते आणि खरी परीक्षा पुरवणी प्रश्नांत असते. जेवणाच्या सुट्टीनंतर विधेयके येतात. शुक्रवारची दुपार अशासकीय कामकाजाची, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांच्या विधेयकांची आणि ठरावांची. तोवर पुष्कळांनी विमानतळाची वाट धरलेली असते. एकूण सदस्यसंख्येच्या एक दशांश, म्हणजे पंचवीस जण हजर असले की गणपूर्ती होते. शुक्रवारी कधी कधी तेवढे जमवणेही जड जाते.

या सभागृहाच्या मर्यादा राज्यघटनेनेच आखून दिल्या आहेत. मंत्रिमंडळ जबाबदार असते ते लोकसभेला, त्यामुळे सरकार पाडणे राज्यसभेच्या हाती नाही. धनविधेयक चौदा दिवसांत परत करावे लागते आणि तिच्या शिफारशी स्वीकारण्याचे बंधन लोकसभेवर नसते. घटनादुरुस्तीच्या वेळी मात्र तिचे वजन जाणवते. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारे विधेयक १९७० साली इथे १४९ विरुद्ध ७५ मतांनी, म्हणजे दोन तृतीयांशाला एका मतापेक्षाही कमी पडून, अडले. पंचायत राज्याची घटनादुरुस्ती १९८९ साली इथेच अडली आणि पुढे १९९२ साली वेगळ्या स्वरूपात संमत झाली. असे प्रसंग थोडे. बाकीच्या दिवशी या सभागृहाजवळ देण्यासारखे असते ते एकच: शब्द, आणि त्या शब्दाची नोंद. हरणार हे ठाऊक असलेली बाजूही इथे पूर्णपणे मांडता यावी आणि ती लिहून ठेवली जावी, हेच वरिष्ठ सभागृहाचे खरे काम आहे, असे ही पाने वाचता वाचता माझे मत झाले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर या सभागृहात आले ते १९५२च्या लोकसभा निवडणुकीतील पराभवानंतर, मुंबई राज्याचे प्रतिनिधी म्हणून. राज्यघटना जाळणारा पहिला माणूस मी असेन, हे त्यांचे विधान सर्वांना माहीत असते. ते २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत उच्चारले गेले आणि त्या दिवशी चर्चा आंध्र राज्याच्या विधेयकावर चालली होती, हे फार थोड्यांना माहीत असते. भाषावार राज्यात एखाद्या बहुसंख्य जातीचे वर्चस्व झाले तर लहान समाजांना संरक्षण कोणाचे, आणि त्यासाठी राज्यपालांना काही विशेष अधिकार असावेत की नाही, असा तो प्रश्न होता. सदस्य मध्येमध्ये बोलत होते, तुम्हीच तर घटना लिहिलीत असे डिवचत होते, आणि त्या खडाजंगीत ते वाक्य आले. सुटे उद्धृत केले की ते वाक्य संतापाचे वाटते. पानावर, मागच्यापुढच्या मजकुरासह वाचले की त्यामागची अल्पसंख्याकांविषयीची काळजी दिसते. संदर्भ तोडून उद्धृत करू नये, हे आपण विद्यार्थ्यांना घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. त्याला याहून चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

यापुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. दीड वर्षाने, १९ मार्च १९५५ रोजी, चौथ्या घटनादुरुस्तीच्या चर्चेत डॉ. अनूप सिंग यांनी बाबासाहेबांना त्या वाक्याची आठवण करून दिली. बाबासाहेबांनी उत्तर टाळले नाही. देवासाठी मंदिर बांधावे आणि देवाची प्रतिष्ठापना होण्याआधीच सैतानाने त्याचा ताबा घ्यावा, तर ते मंदिर पाडण्यावाचून दुसरे काय करायचे, अशा आशयाचा दृष्टान्त त्यांनी दिला. विचारणाऱ्याला जुने वाक्य आठवत होते आणि बोलणाऱ्याने ते नाकारले नाही. नोंद ठेवणाऱ्या सभागृहाला स्मरणशक्ती येते, ती अशी.

दुसरे उदाहरण आपल्या अधिक जवळचे. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने महिला आरक्षणाचे विधेयक १८६ विरुद्ध १ अशा मतांनी संमत केले. त्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले, त्यांना बाहेर काढण्यासाठी मार्शल बोलवावे लागले. विरोधात पडलेले एकमेव मत महाराष्ट्रातून आलेले शरद जोशी यांचे होते. हे तेच शरद जोशी, ज्यांनी शेतकरी महिला आघाडी उभी केली आणि ‘लक्ष्मीमुक्ती’च्या मोहिमेत शेतकऱ्यांना घरच्या बाईच्या नावावर जमीन करायला लावली. त्यांची हरकत आरक्षणाच्या पद्धतीला होती. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला बदलत गेले, तर निवडून आलेल्या बाईला तोच मतदारसंघ पुन्हा मिळण्याची आशा राहणार नाही, मग मतदारांशी तिचे नाते जुळणार कसे, असा त्यांचा प्रश्न होता.

वर्गात हे सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “पण सर, मत एकच होते. विधेयक तर संमत झालेच. मग त्या मताचा उपयोग काय?” मला स्वतःला ते विधेयक व्हायला हवे होते, त्यामुळे जोशींची वकिली करण्याचे मला काही कारण नव्हते. मी तिला दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगितले. २०१०चे विधेयक लोकसभेत पुढे गेले नाही. पंधराव्या लोकसभेबरोबर २०१४ साली ते व्यपगत झाले. २१ सप्टेंबर २०२३ रोजी राज्यसभेने संमत केलेल्या नव्या घटनादुरुस्तीत राखीव जागांची फिरती दर निवडणुकीला ठेवलेली नाही, मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर ठेवली आहे. हा बदल जोशींमुळे झाला असे म्हणायला आधार नाही. २०१५ साली ते गेलेही होते. पण १८६ जणांच्या विरोधात एकट्याने विचारलेला प्रश्न खोटा नव्हता, एवढे तिला त्या दोन मजकुरांवरून दिसले. पुढच्या तासाला तिने स्वतःहून २०१०ची चर्चा वाचून आणली.

शुक्रवारच्या ओसाड दुपारींचेही असेच आहे. अशासकीय विधेयकाचा कायदा झाल्याचे शेवटचे उदाहरण १९७० सालचे. तरीही २४ एप्रिल २०१५ रोजी, अशाच एका शुक्रवारी, तिरुची शिवा यांचे तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांचे विधेयक राज्यसभेने एकमताने संमत केले. लोकसभेत ते तडीस गेले नाही. २०१९ साली सरकारने आपला वेगळा कायदा केला. त्या कायद्यात काय उणे आहे हे ज्याला पाहायचे असेल, त्याला शिवांच्या विधेयकाशी ताडून पाहता येते. न झालेल्या कायद्याचा हा उपयोग थोडाथोडका नाही.

म्हणून मला गदारोळापेक्षा नोंदच न होण्याची भीती अधिक वाटते. २० सप्टेंबर २०२० रोजी, रविवार असूनही, राज्यसभा भरली होती. शेतीविषयक दोन विधेयकांवर चर्चा झाली. विरोधी सदस्यांनी मतविभागणी मागितली. सदस्य आपापल्या जागेवर नव्हते आणि सभागृहात सुव्यवस्था नव्हती, असे कारण देऊन ती नाकारण्यात आली आणि विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. दोष कोणाचा, यावर दोन्ही बाजूंचे म्हणणे आहे आणि तो वाद मी इथे सोडवायला बसलेलो नाही. ते कायदे रद्द करणारे विधेयक २९ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, जवळजवळ चर्चेविनाच संमत झाले. वर्षभर शेतकरी ज्यासाठी दिल्लीच्या वेशीवर बसले होते, ते आले कसे आणि गेले का, या दोन्ही प्रश्नांना संसदेच्या पानांवर पुरते उत्तर नाही. पुढे डिसेंबर २०२३मध्ये राज्यसभेचे ४६ सदस्य निलंबित झाले, आणि १८६०च्या दंडसंहितेची जागा घेणारा कायदा विरोधी बाके बरीचशी रिकामी असताना संमत झाला. त्या दिवशीच्या पानांवर ‘व्यवधान’ फारसे नसणार. तो शांतपणा वाचताना मला गृहनिर्माण संस्थेचे ते नमुना इतिवृत्त आठवते.

मतविभागणी झाली की कार्यवृत्तात दोन याद्या छापल्या जातात. एक ‘होय’ म्हणणाऱ्यांची, दुसरी ‘नाही’ म्हणणाऱ्यांची, प्रत्येकाच्या नावासकट. ९ मार्च २०१०च्या दुसऱ्या यादीत एकच नाव आहे. ते बरोबर होते की चूक, हे आणखी पन्नास वर्षांनीही कोणाला तपासता येईल. २० सप्टेंबर २०२०ला अशी यादीच नाही. महाराष्ट्राचे एकोणीस सदस्य या सभागृहात असतात. त्यांपैकी त्या रविवारी कोण काय म्हणाले, हे उद्या एखाद्या शेतकऱ्याच्या मुलीला शोधायचे झाले, तर तिच्या हाती ‘आवाजी मतदानाने संमत’ एवढेच शब्द लागतील. आणि आवाजाला नाव नसते.